तीन रिबिटांची पायली

बुलढाणा,
१४ डिसेंबर २०२४

अब्बा, सलाम.

फोनवर माझा आवाज आला की तुम्ही उठून अंगणात जाता, असं अम्मी सांगते. पण लिहिलेला कागद समोर आला तर तो वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही. भजी बांधून आलेला कागदसुद्धा सरळ करून वाचता. म्हणून लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण तुमची चौथी मराठी शाळेतली आणि माझं उर्दू अक्षर वाईट.

तीन वर्षं दोन महिने आपण बोललो नाही. हे पत्र त्याबद्दल नाही, कामाबद्दल आहे.

वजन-मापं खात्याची निरीक्षक म्हणून माझ्याकडे आता मोताळा तालुका आहे. त्यातलं एक गाव. नाव लिहीत नाही, पत्र कोणाच्याही हाती पडू शकतं. देशात किलो येऊन साठ वर्षं उलटली. या गावात साखर किलोने मिळते, खिळे किलोने मिळतात, पण बाया शेतातून जो मूग, उडीद, ज्वारी बाजारात आणतात ती व्यापारी अजून पायलीनेच घेतात. माझ्याआधीच्या दोन निरीक्षकांनी मापं जप्त केली. पुढच्या बाजाराला नवी आली. तेव्हा जप्ती करायची नाही असं मी ठरवलं. बाजाराची जागा ग्रामपंचायतीची आहे. या जागेवर धान्य फक्त किलोने घ्यायचं-द्यायचं आणि पंचायतीचा एक काटा बाजाराच्या तोंडाशी ठेवायचा, एवढा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत झाला तर पायली आपोआप जाईल. त्यासाठी सरपंच आणि सदस्यांना ते पटलं पाहिजे.

परवा मी पंचायतीसमोर काटा मांडला. शिक्का मारलेली वजनं मांडली. कौशल्याबाई नावाच्या साठीच्या बाई मूग घेऊन आल्या होत्या, त्यांना विनंती केली, तुमचाच माल तोलून दाखवते. पहिला किलो पारड्यात घातला आणि मोठ्याने म्हणाले, "एक."

कौशल्याबाईंनी मूग परत धडप्यात ओतला, फडक्याला गाठ मारली आणि म्हणाल्या, "पोरी, तुह्या बापानं तुले मोजाले नाही शिकवलं काय?"

त्या तुम्हाला ओळखत नाहीत. ती नुसती बोलण्याची पद्धत होती.

पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही. गावात 'लाभ' म्हणतात, आपल्या घरात 'बरकत'. बरकत, दोन, तीन, चार. एक म्हटलं की धान्य मोजणीत अडकतं, वाढत नाही. तुमच्या दुकानात पत्र्याच्या कातरणांवर बसून मी हे सहाव्या वर्षी शिकले होते. अभियांत्रिकीची चार वर्षं आणि खात्याचं प्रशिक्षण, यात ते केव्हा पुसलं गेलं ते सांगता येणार नाही.

प्रात्यक्षिक फसलं. कारण तांत्रिक नव्हतं. कळवावंसं वाटलं, एवढंच.

कौसर


बुलढाणा,
२९ डिसेंबर २०२४

अब्बा, सलाम.

अम्मी म्हणाली, पहिलं पत्र तुम्ही वाचलं आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. उत्तर अपेक्षित नाही. पुढचं कळवते.

काल सदस्यांची बैठक होती. सरपंच सुभद्राबाई आहेत. बोलतात त्यांचे यजमान शालिग्रामराव. ते स्वतः बाजारात धान्य घेतात. मी काटा उघडून आतली रचना दाखवली, शिक्का कुठे असतो, तो तुटला तर कसा ओळखायचा, सगळं सांगितलं. शालिग्रामराव शांतपणे ऐकून म्हणाले, "मॅडम, तुमचं सगळं बराबर हाये. पन पायलीले शीग असते. किलोले कुठी शीग असते? शीग म्हंजे मानूसकी."

शीग म्हणजे पायली भरल्यावर वर येतो तो ढीग. मी विचारलं, "ही माणुसकी घेणाऱ्याच्या पोत्यात जाते की देणारीच्या?"

जुने सदस्य किसनराव हसले. "काट्याले सेटिंग मारता येते म्हनते. पायलीले काय सेटिंग मारसान?"

अकरमभाई म्हणून एक सदस्य आहेत, माणूस सरळ आहे. म्हणाले, "मॅडम, व्यापारी पाच-सहाच हायेत, पन एकेकाच्या मागं पन्नास मतं हायेत. बायांचं मत घरातूनच ठरते. आता सांगा, मी हात काऊन वर करू?"

मी काट्याचं झाकण परत बसवायला घेतलं.

तेवढ्यात कौशल्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, पुन्हा रागावणार. त्या सुभद्राबाईंना म्हणाल्या, "बाई, पोरगी मोजाले चुकली, पन तिचं ऐकून घ्या. मी घरून चार पायल्या मोजून निघतो, बाजारात साडेतीन भरते. तीस वर्षं झाले. माह्या मालकाले वाटे, अर्धी पायली मी रस्त्यात बहिनीच्या घरी टाकून येतो. मरेपर्यंत त्यानं माह्यावर इश्वास नाही ठेवला."

मी त्यांच्या घरची पायली मागवली, बाजारातली एक घेतली आणि एकाच मुगाने दोन्ही भरल्या. घरची ४.८८५ किलो. बाजारातली ५.४१०. म्हणजे घरच्या चार पायल्या बाजारात ३.६१ भरतात. त्या बाई तीस वर्षं बरोबर सांगत होत्या.

आकडे सगळ्यांनी पाहिले. शालिग्रामराव म्हणाले, "हातानं केलेलं माप हाये. उनं-अधिक होनारच." किसनराव म्हणाले, "आता भाकरी तरी सारखी होते काय?" सगळे हसले आणि माझे आकडे त्या हसण्यात वाहून गेले.

सुभद्राबाई उठताना म्हणाल्या, "ह्या पायल्या नांदुऱ्याच्या कय्यूम मिस्तरीच्या हातच्या हायेत. माह्या सासऱ्यापासून त्याचंच माप चालते गावात. त्यानं येऊन सांगतलं की हे चुकून नाही झालं, मुद्दाम केलं, तर ठराव मी मांडतो. नाही त बसा तुमी भाकऱ्या मोजत."

माझ्या छातीवरच्या पट्टीवर फक्त माझं नाव आणि हुद्दा असतो. तुमचं नाव त्यावर नसतं.

कौसर


बुलढाणा,
८ जानेवारी २०२५

अब्बा, सलाम.

मी गावातल्या एकोणीस पायल्या मोजल्या. त्यांतल्या अकरा तुमच्या हातच्या आहेत. काठ आत दुमडून वरून एकदा हातोडी फिरवलेली, जोड डावीकडे. मला शिक्का लागत नाही.

या अकरांपैकी पाच पायल्यांचा धरायचा कान दोन रिबिटांनी ठोकून बसवलेला आहे. सहांचा तीन रिबिटांनी. दोन रिबिटांच्या पाचही ४.८७० ते ४.९०० च्या दरम्यान भरतात. तीन रिबिटांच्या सहाही ५.४०० च्या वर. अकरांपैकी एकही इकडची तिकडे नाही. हा योगायोग असू शकत नाही.

तीन रिबिटांच्या सहाही घेणाऱ्यांकडे आहेत.

मी आठवीत असताना तुम्हाला विचारलं होतं, अब्बा, या दोन एकसारख्या का नाहीत? तुम्ही म्हणाला होतात, "गिराईक की मांग है." मी पुन्हा विचारलं नाही. पण खूण तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. आता आठ दिवस तिचाच विचार करते आहे. गिऱ्हाइकाला खूण नको असते. उलट, दोन्ही सारख्या दिसाव्यात हीच त्याची मागणी असते. म्हणजे तिसरं रिबीट तुम्ही कोणाला न सांगता, स्वतःहून ठोकलंत. ज्याला लपवायचं असतं तो खूण करून ठेवत नाही.

हे मला बैठकीत सांगता आलं असतं. मी कोणालाही सांगितलेलं नाही.

आता ते लिहिते, जे कामाबद्दल नाही.

ऑक्टोबर २०२१ ला नांदुऱ्याच्या बाजारात मी शिकाऊ होते. साहेबांनी जप्त केलेली पायली हातात धरून विचारलं, कोणाच्या हातचं आहे हे? कोणी सांगणार नव्हतं. मी म्हणाले, कय्यूम मिस्तरी, स्टेशनजवळ, माझे वडील. मग आम्ही सगळे दुकानावर आलो. तुमचा साचा, ठोकळे, अकरा तयार पायल्या, सगळ्याची यादी झाली. यादीखाली साक्षीदार म्हणून माझी सही झाली. तुम्ही कागद हातात घेऊन पूर्ण वाचला आणि म्हणालात, "सही अच्छी है तेरी." त्यानंतर काहीच बोलला नाहीत.

मी प्रामाणिकपणे सांगितलं, असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आले. अम्मीलाही. ते पूर्ण खरं नाही. मला भीती वाटली होती. उद्या दुसरं कोणी सांगेल, आणि मग मी लपवणाऱ्या माणसाची मुलगी ठरेन. म्हणून मी आधी बोलले. तुमचं नाव पुढे करून मी स्वतःला मागे घेतलं.

दोन मापं करणं चूक होतं. हे वाक्य मी मागे घेत नाही. पण ते बाजारात बोलण्याआधी घरी, तुमच्यासमोर बसून बोलायला हवं होतं. ती चूक माझी.

मी तुमचं नाव एकदा घेतलं. दुसऱ्यांदा घेणार नाही. २६ तारखेला त्या गावात कोणी बोललं नाही तर ठराव होणार नाही, कौशल्याबाई साडेतीन पायल्यांचेच पैसे घेऊन घरी जातील, आणि मी अहवालात 'प्रबोधन करण्यात आले' असं लिहीन. सांगायचं असेल तर तुम्ही सांगायचं. नसेल तर मला राग येणार नाही.

शेवटचं वाक्य मी दोनदा तपासलं. थोडा येईल.

कौसर


बुलढाणा,
१९ जानेवारी २०२५

अब्बा, सलाम.

तुमचं पाकीट मिळालं. पत्ता तुमच्या अक्षरात, काने-मात्रे बाहेरच्या बाजूला झुकलेले. आत चिठ्ठी नव्हती. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली तीन रिबिटं होती.

मी ती तोलली. सवयीने. तिन्ही मिळून ११.४ ग्रॅम.

पाकिटातून दोन अर्थ निघतात. एक, खूण होती, मी ओळखली ते बरोबर. दोन, तुम्ही येणार आहात. पहिला अर्थ सिद्ध आहे. दुसऱ्याला पुरावा नाही. तरीही काही गोष्टी लिहून ठेवते.

ती मापं जुनी आहेत आणि २०२१ चं प्रकरण तेव्हाच मिटलेलं आहे. त्यावरून तुमच्यावर नव्याने काही होणार नाही, असं मी वरिष्ठांकडून लेखी घेतलं आहे. प्रत सोबत जोडली आहे. पूर्ण वाचाल हे माहीत आहे. मात्र लोक काय बोलतील, याची हमी मी देऊ शकत नाही. लोक वाईट बोलतील. गावात अजून तुमच्या नावाला किंमत आहे, ती कदाचित उरणार नाही. हे मी पत्रात लपवलं असतं तर पुन्हा तेच केलं असतं जे नांदुऱ्याला केलं.

अम्मीने विचारलं, तू घ्यायला येशील का? नाही येणार. तुम्हाला माझ्या सरकारी गाडीतून आणलं तर शालिग्रामराव म्हणतील, मॅडमनं पढवून आणलेला माणूस. नांदुऱ्याहून सकाळी मोताळ्याची एसटी असते, मोताळ्याहून जीप मिळते. ग्रामसभा अकराला आहे, म्हणजे साडेअकराला सुरू होईल.

थंडी आहे. मफलर घ्या.

कौसर


बुलढाणा,
२७ जानेवारी २०२५

अब्बा, सलाम.

काल तुम्ही तिथे होतात, सगळं पाहिलंत, तरी लिहिते आहे. आज दिवसभर अहवाल लिहिला. दीड पानाचा झाला. त्यात जे बसलं नाही ते इथे.

अकरा वाजून पस्तीस मिनिटांपर्यंत तुम्ही आला नव्हतात. मी दोनदा रस्त्याकडे पाहिलं असेल, असं मला वाटत होतं. अकरमभाई नंतर म्हणाले, "मॅडम, तुमी काटा कमी आन् फाटा जास्त पाहून राह्यल्या होत्या."

मग जीप थांबली आणि मफलर दिसला.

तुम्ही माझ्याकडे आला नाहीत. सरळ टेबलाशी गेलात, जिथे तुमच्या हातच्या त्या अकरा पायल्या मांडल्या होत्या. एकेक उचलून, वर सभेकडे बघत, नुसता अंगठा कानाखाली फिरवून दोन रांगा लावल्यात. डोळ्यांनी एकही पाहिली नाही. मी यादीशी ताडून घेतलं. अकराच्या अकरा बरोबर.

तुमचे शब्द मी जबाबात शुद्ध मराठीत लिहिले, कारण फॉर्म तसा आहे. खरे शब्द असे होते: "ह्या घ्याच्या. ह्या द्याच्या. मीच केल्या. चुकून नाही, मागनी होती म्हनून केल्या. तिसरं रिबीट माह्यासाठी होतं. माह्या हातानं काय झालं ते मी इसरू नये म्हनून."

शालिग्रामराव उठून म्हणाले, "मिस्तरी, गावाच्या मापाची बदनामी करून राह्यले तुमी. कोनी आनलं तुमाले?"

तेव्हा तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "ये मेरी बेटी है. लेकिन लाया मुझे एसटी ने."

एवढी मोठी सभा हसली. मला हसता आलं नाही. तीन वर्षं तीन महिन्यांनी तुम्ही मला बेटी म्हणालात, आणि तेही सरपंचांच्या नवऱ्याला उद्देशून.

पुढचं तुम्ही पाहिलंत, पण पाठमोरे होतात. सुभद्राबाई केव्हा उठल्या ते कोणाला कळलं नाही. त्या घरी गेल्या आणि पदराखाली काही तरी घेऊन परत आल्या. टेबलावर ठेवल्यावर कळलं, शालिग्रामरावांची पायली. आमच्या मोजणीच्या दिवशी 'सापडत नाही' असं सांगितलेली. तुम्ही ती उलटी केलीत. तीन रिबिटं. सुभद्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सचिवांना म्हणाल्या, "लिवा ठराव. मांडनार मी."

आणि किसनराव म्हणाले, "शालिग्राम, तुही भाकरी लय मोठी हाये बे!"

हात वर झाले ते मी मोजले, ठराव मंजूर झाला. अकरमभाईंचा शेवटचा. हात वर करून ते शेजारच्याला म्हणाले, "आज बाया मतं मोजून राह्यल्या, भाऊ." बाया खरंच मोजत होत्या. 'लाभ' पासून.

मग कौशल्याबाई पुढे आल्या. तुमच्यासमोर उभं राहून म्हणाल्या, "मिस्तरी, तुमी माह्या घरात भांडन लावलं. मालक असता त आज त्याले इथं हात धरून आनला असता." मला वाटलं, आता तुम्ही काही समजावून सांगाल. पोट, धंदा, मागणी. तुम्ही डोक्यावरची टोपी सारखी केलीत आणि म्हणालात, "हाव बाई." दुसरं काही नाही. कौशल्याबाईंनी धडप्याची गाठ सोडली आणि म्हणाल्या, "आता तुमीच तोला."

पंचायतीच्या नव्या काट्यावरचं पहिलं वजन तुमच्या हातून झालं. किसनराव घेणार होते, पाच किलो. तुम्ही पहिला किलो पारड्यात ओतलात, काट्यावर १.००० आलं, आणि मोठ्याने म्हणालात, "बरकत." मग माझ्याकडे बघून थांबलात. दोन मी म्हणाले. तीन कौशल्याबाई म्हणाल्या.

अहवालात वजन ५.००० किलो लिहिलं आहे, कारण ते तेवढंच भरलं होतं. त्यानंतर तुम्ही पारड्यातून मूठभर मूग उचललात आणि कौशल्याबाईंच्या पदरात टाकलात. काट्यावर ४.९३५ दिसत होतं. किसनराव म्हणाले, "मिस्तरी, किलोले शीग नसते म्हने ना?" तुम्ही म्हणालात, "आज हाये. आज उलटी हाये." किसनरावांनी पिशवी घेतली.

नियमाप्रमाणे ती पासष्ट ग्रॅमची तूट आहे आणि निरीक्षक समोर उभी होती. वजन झाल्यानंतर काय झालं, असा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाही. मी तो वाढवला नाही.

जबाबाखाली तुम्ही सही केलीत. कय्यूम, मराठीत, ऊकार बाहेर झुकलेला. तुम्ही पेन परत देईपर्यंत माझ्या तोंडात दुकानातलं तुमचंच एक वाक्य तयार होतं. ते काय, ते तुम्हाला कळलं असेल. बोलले नाही ते बरं झालं. ते वाक्य एकदा बोललं गेलं तेवढं पुरेसं होतं.

जीपमध्ये बसताना तुम्ही विचारलंत, "अगला खत कब?" मी म्हणाले, आता कशाला, येत्या रविवारी मी घरीच येते. जीप सुरू झाली होती, तुम्ही बाहेर वाकून ओरडलात, "घर भी आ. खत भी लिख."

म्हणून हे लिहिलं. पोस्टात टाकत नाही. रविवारी सोबत आणते. तुम्ही वाचाल तेव्हा मी समोर बसेन, अंगणात जायचं असेल तर दोघं जाऊ.

तीन रिबिटं माझ्याकडेच आहेत. ती परत देणार नाही.

तुमची,
कौसर